मागच्या खोलीतलं पाणी

आमच्या गल्लीत रोहिणीताईंकडे पुस्तक मागायला जायचं म्हणजे स्वतःच्या घराची खिडकी उघडी टाकून जायचं. बाई वाचनालयाच्या ग्रंथपाल. इकडचा शब्द तिकडे करणार नाहीत, पण प्रश्न असा विचारतील की समोरचा आपणहून सगळं ओकेल. मागे एकदा रूपालीने पक्वान्नांचं पुस्तक मागितलं. ताईंनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "कोण येणार आहे?" झालं. रूपालीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, मुलाची द्राक्षं परदेशी जातात, मुलाच्या आईला गोड चालत नाही, हे सगळं देवघेवीच्या खिडकीवर बाहेर पडलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या मंडळींनी ते इमानेइतबारे गल्लीभर पोचवलं. ताईंनी मात्र शांतपणे कमी गोडाच्या पदार्थांचं पुस्तक काढून दिलं आणि सोबत एक चिठ्ठी लिहिली: पोळी का फुटते ते पुस्तकात नाही. भिमाबाईंना विचारा. देवळातून आल्यावर, आधी नाही.

असली चिठ्ठी यायची ती त्यांच्या माणसांच्या खणातून. वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा पुस्तकांची कार्डं ठेवायचं जुनं लाकडी कपाट भंगारात निघालं होतं. ताईंनी ते अडवलं आणि त्याचा सगळ्यात खालचा खण माणसांसाठी ठेवला. मोडी कोण वाचतं, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ कोण चालू करतं, हरसूलच्या बाजारात खरी नागली कुणाकडे मिळते, असं विषयवार. प्रत्येक कार्डावर नाव, पत्ता, आणि खाली लाल पेनाने सूचना: 'दुपारी झोपतात', 'सुनेसमोर बोलत नाहीत', 'चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, वेळ काढून जावे'. ताईंचं म्हणणं असं की गावाला जे माहीत आहे त्यातलं निम्मं छापलेलंच नाही, आणि ते कुठे सापडेल हे सांगणं ग्रंथपालाचंच काम आहे. गल्लीचं म्हणणं वेगळं. गल्लीला फक्त आपलं कार्ड आहे का आणि लाल पेनाने खाली काय लिहिलंय एवढंच हवं होतं.

एका माणसाचं कार्ड मात्र त्या खणात नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं होतं. ते म्हणजे ताईंचे यजमान, सोमनाथराव. अंबडच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले तेव्हापासून त्यांना जगातलं सगळं माहीत होतं, आणि बहुतेक सगळं चुकीचं. मुंबईच्या पाहुण्यांना त्यांनी त्र्यंबकेश्वरचा जवळचा रस्ता इतक्या खात्रीने सांगितला की पाहुणे उलट्या दिशेला, निफाडला पोचले. येताना द्राक्षं घेऊन आले, म्हणून भांडण झालं नाही. "अगं, एक कार्ड माझं पण टाक की," असं ते अधूनमधून जेवताना सुचवत. ताई विचारत, "कुठल्या विषयाखाली?" आणि सोमनाथराव ताक पिऊन उठत.

तर यंदा वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवलं की वरच्या मजल्यावरचा हॉल स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अभ्यासिकेसाठी द्यायचा, एसी लावून. कल्पना चांगलीच होती. पण वर भिंतीलगत जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली होत्या. दुसरीकडे कुठेही नसलेल्या, हात लावला तर कडा सुटणाऱ्या. अध्यक्ष महेशरावांनी त्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत हलवायचं ठरवलं. मागची खोली म्हणजे एके काळचं भांड्यांचं गोदाम. त्यांच्या मते कोरडी, थंड, कुणाचा पाय नसलेली.

ताईंना हे अजिबात पटेना. त्या खोलीच्या भिंतीला वरपर्यंत पोपडे होते आणि मागच्या दाराबाहेर जुनी दगडी मोरी थेट नदीकडे गेलेली. महेशरावांनी त्यांना समजावलं की काळजीचं कारण नाही. आपण याच गल्लीत जन्मलो, एकोणसत्तरचा मोठा पूर स्वतः पाहिला, पाणी समोरून आलं, पायरीपाशी थांबलं आणि परत गेलं. नंतरच्या पुरांतही तेच. मागे कधी थेंब नाही. रविवारच्या सभेत ठराव मंजूर होणार होता आणि सोमवारी हमाल सांगितले होते.

ताईंनी त्याच फायलींत एकोणसत्तर साल काढून बघितलं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाल्याचं होतं, पुलाचं होतं, मंत्र्यांच्या दौऱ्याचं तर फोटोसकट होतं. मागच्या मोरीचं कुणी लिहिलं नव्हतं. छापलेलं संपलं, आता माणूस शोधायचा. आणि माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं. तो वाचनालयाच्या बरोबर समोर, स्वतःच्या बंद दुकानाच्या ओट्यावर, दिवसभर पेपर घेऊन बसलेला असायचा.

पुंजाशेठ. मूळचे निफाडकडचे, पण बापाने लहानपणीच इथे भांडी विकायला आणून बसवलेले. मागची खोली हे त्यांचंच गोदाम होतं. पूर ज्याच्या मालातून गेला त्याला ठाऊक नसणार तर कुणाला? पण पुंजाशेठचं आणि वाचनालयाचं कित्येक वर्षं वाकडं होतं. ते पूर्वी रोज येऊन पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवून टाकायचे, दुसऱ्या कुणासाठी रिकामं घर शिल्लक ठेवायचे नाहीत. महेशराव अध्यक्ष झाले आणि त्यांनी दारातच पाटी लावली: 'वर्तमानपत्रातील कोडी सोडवू नयेत.' नाव नव्हतं, पण गल्लीत नाव लिहायची गरज नसते. महेशराव आणि पुंजाशेठ शाळेत एका वर्गातले. पुंजाशेठने त्या दिवशी शपथ घेतली की ती पाटी असेतो या पायरीवर पाय ठेवणार नाही.

ताई त्यांच्याकडे गेल्या. पुंजाशेठ म्हणाले, "मला काय ठावं? अध्यक्षाला इचारा, त्याला सगळं ठावं हाय." दुसऱ्या दिवशी ताई शाल आणि नारळ घेऊन गेल्या. पुंजाशेठने नारळ ठेवून घेतला, शाल परत केली, उन्हाळा असल्याचं सांगितलं. मग ताईंनी रोजच्या कोड्याची झेरॉक्स काढून त्यांना पोचवायला सुरुवात केली. संध्याकाळी ती पेनाने पूर्ण भरून परत यायची, पण पुराचा विषय काढला की म्हातारा पेपर तोंडासमोर धरायचा. एकदाच, पेपराच्या आडून म्हणाला, "भिजू दे त्याच्या फायली."

गल्लीला वाटलं, ताई आता नाद सोडतील. गल्लीचा अंदाज नेहमीप्रमाणे चुकला. ताईंनी फक्त झेरॉक्सवरची अक्षरं मोठी करून घेतली, म्हाताऱ्याला नीट दिसावं म्हणून.

गुरुवारी सोमनाथराव डबा घेऊन आले. दारात उभं राहून त्यांनी, कुणी विचारलेलं नसताना, मागची खोली सुरक्षित का आहे हे समजावायला घेतलं. पाण्याचा गुणधर्मच सरळ जायचा आहे, त्याला वळण घेता येत नाही, आणि एकोणसत्तरला तर पाणी मारुतीच्या पायालासुद्धा लागलं नव्हतं. हे सोमनाथराव स्वतः तेव्हा जन्मलेले नव्हते. ताईंनी सवयीने ऐकल्यासारखं केलं आणि डब्याचं झाकण उघडलं.

समोरच्या ओट्यावर पेपर खाली आला.

"पायाला?" पुंजाशेठ म्हणाले. "डोसकंबी दिसत नव्हतं मारुतीचं. काय बोलतो हा गडी?"

एवढं बोलून पेपर पुन्हा वर गेला. पण ताईंच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. इतके दिवस शाल, नारळ आणि झेरॉक्सने जे झालं नव्हतं ते सोमनाथरावांनी फुकट केलं होतं. या गल्लीतली जुनी खोडं विचारल्यावर बोलत नाहीत. विचारलं की त्यांचा भाव वाढतो. पण शेजारी उभं राहून कुणी चुकीचं सांगितलं, की यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि सगळं खरं बाहेर पडतं.

अडचण एकच होती. सोमनाथरावांना चुकीचं बोला म्हणून सांगता येत नव्हतं, कारण आपण चुकतो हे त्यांना माहीत नव्हतं. मग ताईंनी इतक्या वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं ते केलं. रात्री जेवताना त्यांचं मत विचारलं. "अहो, रविवारी सभेला या ना. पुराबद्दल तुम्ही जरा बोलाल का?" सोमनाथरावांनी ताकाचा पेला खाली ठेवला. शनिवारी ते न्हाव्याकडे जाऊन आले, इस्त्रीचा सदरा काढला, हे समोरच्या गॅलरीतून सगळ्यांनी बघितलं.

रविवारी सभा खालच्या हॉलमध्ये बसली. ताईंनी दोन्ही दारं सताड उघडून ठेवली होती, पंखा बंद केला होता आणि सोमनाथरावांची खुर्ची दारालगत मांडली होती. ठरावाची वेळ आली तेव्हा ताई उठल्या आणि म्हणाल्या की मत देण्याआधी एका जाणकाराचं ऐकून घ्यावं. महेशरावांनी घड्याळ बघितलं. सोमनाथराव उभे राहिले.

ते छान बोलले, यात वाद नाही. पाणी समोरून आलं, पायरीला हात लावून देवाला नमस्कार केल्यासारखं मागे गेलं. मोरीतून पाणी फक्त नदीकडे जातं, नदीकडून येत नाही, नाहीतर तिला मोरी कशाला म्हटलं असतं? आणि समजा आलंच, तरी भांड्यांच्या गोदामात पितळ असतं, पितळ पाण्याला अडवतं. महेशराव मान डोलावत होते. ताईंचं लक्ष रस्त्याकडे होतं.

पेपर ओट्यावर आपटला गेला. पुंजाशेठ रस्ता ओलांडून आले आणि पायरीपाशी येऊन थबकले. एक पाय उचललेला, तसाच. शपथ आठवली असावी.

ताई शांतपणे दाराशी गेल्या, पाटी खिळ्यावरून काढली, टेबलावर पालथी ठेवली आणि बाजूला झाल्या. पुंजाशेठ आत आले.

"मोरीतूनच आलं," ते सोमनाथरावांना म्हणाले. "नदी चढली का मोरी उलटी वाहती. बाप आन् मी माल काढत होतो मागं, पाणी गुडघ्यावर, मग कमरेवर. लय घागरी राहिल्या. तरंगत होत्या बदकावानी."

आता महेशरावांना राहवेना. घागरी तरंगत होत्या हे खरं, त्यांनी सांगितलं, त्या आपण शेजारच्या आपल्या घराच्या माळ्यावरच्या खिडकीतून स्वतः पाहिल्या, एकमेकींवर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. पण त्या समोर तरंगत होत्या, गल्लीत. पुंज्याच्या लक्षात राहिलेलं नाही.

"माझ्या घागरी, आन् माझ्याच ध्यानात नाय? तू माळ्यावर बसून रडत होतास."

"रडत नव्हतो."

"समद्या गल्लीनं ऐकलं."

दोघांचं बराच वेळ चाललं. शाळेतल्या मास्तरांपर्यंत गेलं. सभासद खुर्च्या ओढून जवळ आले, सोमनाथरावांनी मध्येच दोघांना चुकीचा महिना सांगितला आणि दोघांनी एका सुरात तो दुरुस्त केला. ताईंनी कुणालाच अडवलं नाही. घागरी तरंगत होत्या यावर दोघांचं एकमत झालंय, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. जरा उसंत मिळाल्यावर त्यांनी देवघेवीच्या खिडकीवर विचारतात तसा एकच प्रश्न विचारला.

"महेशराव, तुमच्या माळ्याची खिडकी कुणीकडे उघडायची?"

महेशरावांनी दिशा दाखवायला घेतली. त्यांचा हात आपोआप उठला, समोर नाही, मागे. खिडकीतून काय दिसायचं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. शेजारचं पेरूचं झाड, धुण्याचा दगड, गोदामाचं दार. आई समोरच्या दाराकडे जाऊ देत नव्हती. समोरचं पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं, मोठी माणसं बोलताना फक्त ऐकलं होतं. आणि ऐकलेलं आणि बघितलेलं इतक्या वर्षांत एक होऊन गेलं होतं.

"मागं," ते म्हणाले. "घागरी मागंच होत्या."

पुंजाशेठ जिंकले होते, पण टोमणा मारला नाही. "चल, दाखवतो," म्हणाले. सगळे मागच्या खोलीत गेले. पुंजाशेठने पोपडे आलेल्या भिंतीवर तळवा टेकवला. महेशराव म्हणाले, एवढं नव्हतं, आणि त्याच्या चार बोटं खाली आपला तळवा टेकवला. ताईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढून वरच्या तळव्याशी रेघ ओढली. खालच्या तळव्यापर्यंत पाणी धरलं तरी फायलींच्या मांडणीचे खालचे तीन खण बुडले असते.

"ठराव परत लिहू," महेशराव म्हणाले.

फायली वरच राहिल्या. अभ्यासिका झाली, एसी लागला, फक्त खुर्च्यांची एक ओळ कमी बसली, म्हणून महेशराव अजून कुरकुरतात. पोरं एसी फार गार लावत नाहीत, कारण फायलींना सोसत नाही असं ताईंनी त्यांना बजावलंय, आणि त्यांना ताईंची भीती वाटते. मागच्या खोलीत आता सतरंज्या आणि जास्तीच्या खुर्च्या आहेत. भिंतीवरची रेघ ताईंनी रंगाने पक्की करून घेतली आणि तिच्या वर दोघांचीही नावं घातली, अकारविल्हे, म्हणजे पुन्हा वाद नको. तरी झालाच. पुंजाशेठ पुन्हा आत येऊन बसतात. पेपरातलं कोडं महेशराव आधी पेन्सिलने सोडवतात आणि पुंजाशेठ ते पेनाने दुरुस्त करतात.

माणसांच्या खणात एक नवीन कार्ड पडलं. ते सोमनाथरावांनी पंधरवड्याने, ताई डबा खायला आत गेल्या असताना, चोरून बघितलं. विषय: पूर, गल्ली, मागची बाजू. नाव: पुंजाशेठ. पत्ता: समोरचा ओटा. आणि खाली लाल पेनाने सूचना: 'विचारून सांगत नाहीत. सोबत सोमनाथरावांना न्यावे.'

सोमनाथरावांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि जागच्या जागी ठेवलं. संध्याकाळी न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं की आपल्याशिवाय आता पुंजाशेठकडे कुणाला जाताच येत नाही, तसं वाचनालयात लेखी आहे. घरी गेल्यावर मात्र ताईंना विचारलं, "हे असं का लिहिलंस?"

"तुम्ही असलात की लोक बोलतात," ताई म्हणाल्या. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

सध्या त्या दोघांना रोज संध्याकाळी गल्लीत फिरताना बघायला मिळतं. जिथे एखादा अबोल म्हातारा ओट्यावर बसलेला दिसेल तिथे ताई थांबतात, पेन्सिल केसांतून काढतात आणि गोड आवाजात सोमनाथरावांना म्हणतात, "अहो, तुम्हाला काय वाटतं?"