वन्संचं हलकं वांगं

जगातली कोणतीही वस्तू आहे त्यापेक्षा हलकी करता येते, आणि करता येत असेल तर ती तशी केल्याशिवाय झोपू नये, असं मानणारी एकच व्यक्ती मला उभ्या आयुष्यात भेटली आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. नणंदा सगळ्यांनाच असतात. कुणाची टोमणे मारते, कुणाची कपाटात डोकावते, त्याचा काहीतरी बंदोबस्त करता येतो. आमच्या वन्सं वजन बघतात. तुमच्या हातात पिशवी दिसली की त्या ती आधी उचलून बघणार, भुवया वर नेणार, आणि तुम्ही "अहो वन्सं, राहू द्या" म्हणेपर्यंत चार वस्तू बाहेर. सगळी नोकरी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांत गेली, आज लक्ष्मीबाई नगर तर उद्या आणखी कुठे, त्यामुळे सामान जितकं कमी तितका माणूस शहाणा असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. माझी एक जाडजूड कादंबरी त्यांनी फरीदाबादच्या आपल्या घरून आमच्या द्वारकेला येताना मेट्रोत वाचली. ती मला शेवटची वीस-पंचवीस पानं एवढीच परत मिळाली. बाकीची? "वाचून झालेली पानं कशाला वाहायची गं?" मी त्या दिवशी जेवले नाही रागानं. त्यांना पत्ताही नाही!

विमानतळावर तर त्यांना नेऊच नये. आमच्या लेकाला सोडायला गेलो होतो, तर पुढच्या रांगेत एका पंजाबी बाईचं सामान जास्त भरलं. ती बिचारी काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालत होती. आमच्या वन्सं कोण, कुठल्या! तरी गेल्या, तिची बॅग जमिनीवर उघडली, आणि "बेटा, ये दोनों स्वेटर पहन लो, वजन बदन का नहीं गिनते" असं म्हणून भर मे महिन्यात त्या बाईला दोन स्वेटर आणि एक शाल चढवून आत पाठवलं. बाई लाल झाली होती, पण जाताना वन्संच्या पाया पडली. हे असं आहे. लोक त्यांच्या पाया पडतात आणि मी घरी येऊन भांडी आपटते.

तर हे सगळं मी इतकी वर्षं हसण्यावारी नेलं. हसणं बंद झालं ते यंदा होळीनंतर. आमच्या यांना हृदयाचा झटका आला. स्टेंट घातले, देवाच्या कृपेनं घरी आले. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, लहानपणी यांना मांडीवर घेऊन भरवणारी. एक पिशवी घेऊन "आठ दिवस राहते" म्हणून आल्या आणि आषाढ लागला तरी होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेल कमी, मीठ कमी. कमी! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वन्संनी ते ऐकलं आणि माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. फोडणीत तेल नाही, नुसत्या तव्यावर मोहरी. "तडतडतेय ना? मग झालं." मग दाण्याचं कूट गेलं. खोबरं गेलं. आमटीतला गूळ गेला, मग चिंच गेली, मग आमटी म्हणून जे उरलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मिठाची बरणी त्यांनी कपाटाच्या डोक्यावर ठेवली. माझ्या घरात मी स्टुलावर चढून चोरून मीठ घ्यायचे, या वयात!

आणि बरं का, याच वन्संच्या हाताला एके काळी अशी चव होती की दिल्लीतल्या मराठी घरांत लग्नकार्य निघालं की आधी त्यांना निरोप जायचा. म्हणून तर जास्त संताप यायचा. ज्याला येत नाही त्यानं बेचव रांधलं तर माणूस सोडून देतो.

हे मात्र ताईपुढे चकार शब्द काढायचे नाहीत. ऑफिसात चाळीस माणसांना धाकात ठेवलं, पण ताटावर बसले की पाच वर्षांचे. दोन घास खायचे, "छान झालंय ताई" म्हणायचे, आणि हात धुवायला उठायचे. गालफडं बसली. पँट घसरायला लागली तर पट्ट्याला नवं भोक पाडून आणलं, आणि वन्सं कौतुकानं म्हणतात काय, "बघ, कसा हलका झाला!" तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजन बघून चष्मा काढला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माताजी, ये खा क्यों नहीं रहे? ऐसे तो कमज़ोरी से उठ नहीं पाएँगे. कुछ भी कीजिए, खिलाइए."  

आणि मग एका रविवारी आमच्या सुनेनं ते इटालियन वांगं केलं. सून पुण्याची, गुरगावला नोकरीला, स्वयंपाकाला लागली की फोन समोर उभा करून करते. पार्मिजाना की काय म्हणतात. वांग्याच्या चकत्या पिठात-अंड्यात बुडवून तळायच्या, मग थरावर थर, मध्ये लसणीचा टोमॅटोचा रस्सा, दोन प्रकारचं चीज, आणि सगळं ओव्हनमध्ये. वरचं बुडबुडे येऊन लालसर झालं की काढायचं. यांनी एक तुकडा घेतला. मग ताट पुढे केलं आणि म्हणाले, "अजून आहे का गं?" होळीपासून पहिल्यांदा! मी फ्रीजमध्ये काहीतरी शोधायचं सोंग करून डोळे पुसले.

वन्संनी काय करावं? काचेचं ते भांडं दोन्ही हातांनी उचललं. "अगंबाई! केवढं जड! हे हलकं करून देते मी त्याला."

"आत्या, चीज थोडं कमी केलं तर..." सून म्हणाली.

"तू ऑफिसला जा निश्चिंत. मी बघते."

मग सुरू झालं. पहिल्या खेपेला तळणं गेलं. कोरड्या चकत्या ओव्हनमध्ये ठेवल्या, त्या चपलेच्या तळव्यासारख्या बाहेर आल्या. दुसऱ्या खेपेला चीजच्या जागी चक्का. तो फाटला आणि सगळ्याला आंबूस पाणी सुटलं. मग अंडं गेलं, मैदा जाऊन नाचणी आली, आणि लाल रश्शाखाली ते असं काळंमिट्ट दिसायला लागलं की सून फोनमधल्या चित्राकडे बघून म्हणाली, "आई, हे खरंच तेच आहे?" प्रत्येक वेळी वन्सं भांडं उचलून बघायच्या आणि समाधानानं मान डोलवायच्या. हे प्रत्येक वेळी "छान ताई" म्हणायचे आणि उठायचे.

अशात कांदेनवमी आली. आता दिल्लीत जन्म गेला तरी काही नेम आम्ही सोडलेले नाहीत. एकादशीला चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद, आणि वांगं तर थेट चंपाषष्ठीला. म्हणून नवमीला सगळं मनसोक्त खाऊन घ्यायचं. सकाळी चहा घेताना हे स्वतःहून म्हणाले, "आज ते सूनबाईचं वांगं होईल का?" मी उठलेच. खाली ठेल्यावर गेले. वन्सं मागोमाग. एकेक वांगं हातात तोलून त्यांनी हलकी तेवढी निवडली. यात मात्र त्या बरोबर होत्या, हलक्या वांग्यात बिया कमी. भाजीवाला म्हणाला, "अम्माजी, बैंगन ले रही हो कि सोना?" मी हसलेसुद्धा. इतकी मी भोळी. वर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "तू कांद्याची थालीपिठं लाव, ओव्हनचं मी बघते," आणि मी बघू दिलं.

दुपारी पानं वाढली. यांनी चमचा घातला तर आत पांढरं. मी वाकून पाहिलं. दुधी!

"वन्सं, वांगं कुठाय?"

"टोपलीत आहे. मेलं तेल पितं फार. दुधी कसा हलका."

"आणि रश्शात कांदा?"

"पित्त होतं."

"लसूण?"

"उष्ण पडते."

यांनी चमचा खाली ठेवला. थालीपिठालाही हात लावला नाही. "ताई, भूक नाही मला," म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. 'छान' म्हणाले नाहीत. ते ऐकू आलं नाही ना, तेव्हा माझं माथं फिरलं.

"वन्सं, आज नवमी आहे, नवमी! एकादशी लागायच्या आधीच तुम्ही माझ्या नवऱ्याला उपासाला बसवलंत! वांग्यातून वांगं काढलंत, आता काय काढायचं राहिलंय? डॉक्टर म्हणतात हा माणूस उठायचा नाही. तुमचा भाऊ हलका करता करता एक दिवस नाहीसा कराल तुम्ही!"

वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बंद झाल्या, एवढा माझा आवाज. लग्न होऊन आल्यापासून वन्संपुढे मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मागे घ्यावं असं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वन्सं उठल्या, टोपलीतली वांगी घेतली आणि विळीवर बसल्या. चकत्या अशा एकसारख्या पडत होत्या की बघत राहावं. मीठ लावून पाणी सुटायला ठेवल्या. मग कांदा चिरला, सबंध लसणीचा गड्डा सोलला. मी दारात हाताची घडी घालून उभी. त्यांनी मोठी कढई काढली आणि तेलाची कॅन उपडी करायला घेतली तशी मीच ओरडले, "अहो, तळताय काय! हार्टचे पेशंट आहेत ते! कमी म्हणजे कमी, बंद नाही आणि पूरही नाही!"

"मग किती, तूच सांग."

मी ब्रशनं चकत्यांना दोन्ही बाजूंनी तेल लावलं आणि ओव्हनमध्ये चांगल्या तांबूस होऊ दिल्या. तोवर रस्सा उकळला. वन्संनी चमचा माझ्यापुढे धरला. "मीठ बघ गं."

"तुम्हीच बघा की."

"मला कळत असतं तर तुला विचारलं असतं का?"

त्यांनी गॅस बारीक केला. माझ्याकडे पाहिलंच नाही. "तो मोठा ताप आला होता ना मला, सगळीकडे साथ होती तेव्हा. त्यात चव गेली. वासही. सगळ्यांची परत आली. माझी नाही आली."

"इतकी वर्षं? आणि कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलू? सुगरण म्हणतात मला." रस्सा ढवळत राहिल्या. "आधी गूळ घालायचा विसरला एकदा. काही फरक नाही. मग मीठ कमी करून पाहिलं, मग तेल. सगळं तसंच लागायचं गं. मला खरंच वाटलं, आपण उगाचच घालतो हे सगळं."

मला दया यायला हवी होती. मला राग आला, आधीपेक्षा जास्त. एवढा मोठा भार ही बाई एकटीनं फरीदाबादला घेऊन बसली होती आणि माझ्या पिशव्या उपसून हलक्या करत होती! "आम्ही काय परके आहोत?" म्हणून मी त्यांना जे झापलं ते लिहिण्यासारखं नाही. आणि मग चमचा ओढून घेतला. "मीठ हवं. अजून. अहो, अजून! घाबरताय काय?" "पुरे की!" "चव मी बघतेय की तुम्ही?" असं भांडत भांडत आम्ही थर लावले. चीज फक्त वर, तेही बेताचं, मध्ये घरचं पनीर कुस्करून. ओव्हनमधून लसणीचा वास सुटला तसे आतून हे आले, केस विसकटलेले, आणि थेट पानावर बसले. मागून मागून खाल्लं. शेवटी भांड्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून घेतलं. भांडं उचललं तर होतंही हलकं.

वन्संनी आपल्या पानात एक तुकडा घेतला होता. त्या मला म्हणाल्या, "सांग आता."

"काय सांगू?"

"कसं लागतंय ते."

मी माझं पान पुढे ओढलं.

त्या आता फरीदाबादला परत गेल्यात. हे बरे आहेत, खालच्या बागेत चक्कर मारून येतात. वन्संचा रोज सकाळी फोन येतो, आज काय करणार विचारतात, आणि मी सांगेन तेच तिकडे करतात. मग दुपारी पुन्हा फोन लावायचा आणि दोघींनी पान वाढून घ्यायचं. माझं अन्न निवतं, चिडचिड होते, पण लावते. काल दोडका होता.

"कसा झालाय?"

"वन्सं, दोडक्याला कसली आलीय चव!"

"असते गं. सांग ना."

मी एक घास घेतला, डोळे मिटले. "गोडसर आहे. आणि मागून जरासा कडवट."

"कुठे, जिभेच्या टोकाला?"

"नाही. कडेला. गिळताना."

तिकडे चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. त्या सावकाश चावत होत्या.

"हां," वन्सं म्हणाल्या. "तिथेच असायचा."