नाच बघणारी पारी

कासूजवळच्या कातकरी वाडीत पारीइतकं मन लावून नाच बघणारं दुसरं माणूस नव्हतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात दिवसभर माती मळून आली, तरी ढोल वाजला की ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायची. नवरा चंदर नाचू लागला की तिचा शीण कुठल्या कुठे पळायचा. वाडीची रीत अशी, की नाचणारा आपणहून थांबत नाही. बघणाऱ्यांचं मन भरलं की त्यांच्यातली एक बाई उठून त्याला पाणी देते, तेव्हा नाच थांबतो. चंदरला पाणी नेहमी पारीच द्यायची.

सत्त्याण्णव साली रोह्याच्या एका कंपनीने वार्षिक समारंभात नाचायला चंदरला नेलं. वाडीत कुणी कधी पानं नेसलं नव्हतं, पण साहेबांना आदिवासी पानांतच हवा होता! पारी तांब्या घेऊन सोबत गेली, तर वॉचमनने तिला दारातच अडवलं.

वेळ संपली म्हणून ढोल थांबवला, तरी चंदर नाचतच राहिला. पाणी कुठे आलं होतं! टाळ्या वाजवणारे लोक आता खो खो हसू लागले. "जास्त झालीय याला," कुणीतरी ओरडलं.

"पानी दिल्याबिगर तो थांबायचा नाय! सोडा मला!" पारी दारातून ओरडत होती. ऐकतंय कोण? शेवटी दोघांनी चंदरला ओढत खाली उतरवलं.

शिमग्याला वाडीत ढोल वाजला. पारी तांब्या भरून पुढे बसली. चंदर तिच्याशेजारी येऊन टेकला, तांब्या उचलला आणि न नाचताच सगळं पाणी पिऊन टाकलं.