वाणाचा डबा

नळाला आज पुन्हा गटाराचा वास आला आणि मला ते हळदीकुंकू आठवलं. चिकपेटेतल्या आमच्या गल्लीच्या महिला मंडळात महापालिकेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराची बायको आली आणि नवऱ्याचं, म्हणजे अण्णांचं, नाव कोरलेले स्टीलचे डबे वाण म्हणून वाटू लागली. वाणाला नाही म्हणायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्या सरोजाक्कांनी डबा घेतला, नळाखाली भरला आणि तिच्याच हातात ठेवला.

“आमचंही वाण घ्या. अण्णांना स्वल्प प्यायला द्या.”

मी शरमेनं मान खाली घातली. किती मूर्ख होते मी! गल्लीनं त्या अण्णाला पाडलं. निवडून आलेल्यानं महिन्यात पाइप बदलला.

आता तो पाइप पुन्हा सडलाय, आणि मेले वर्षानुवर्षं निवडणूकच घेत नाहीत. डबा भरून मी उभी आहे. देऊ कुणाच्या हातात?