चपलांशेजारी ठेवलेले शब्द

सुनंदाताई गेल्याचं त्यांच्या मुलानं, अनिकेतनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. 'बरं' म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून संपवली. रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही आलं नाही. एक मैत्रीण म्हणाली, तू डिनायलमध्ये आहेस. ताई असत्या तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

ताई मूळच्या अमरावतीच्या. दिल्लीतल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. रविवारी दुपारी कॉलनीतल्या आम्ही बायका त्यांच्याकडे चहाला जमायचो. तिथे नियम एकच, चपला आणि आजारांची नावं दाराबाहेर काढून यायची. आत आल्यावर फक्त काय झालं ते सांगायचं. त्याला नाव द्यायचं की नाही, ते त्या चहा संपल्यावर बघत. भीती आणि चिंता यांतला फरक मला त्यांच्याकडेच कळला. कुत्रं अंगावर आल्यावर वाटते ती भीती, आणि कुत्रं नसलेल्या गल्लीतही पाय उचलेना, ती चिंता. जी व्याख्या सासूला समजत नाही, ती आपल्यालाही समजलेली नसते, असं त्या म्हणत. माझ्या सासूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, त्यामुळे मला मान डोलवावीच लागे.

एकदा मी सहज बोलून गेले, "मला ओसीडी आहे यार ताई, ओटा दोनदा पुसल्याशिवाय झोप येत नाही."

"पुसल्यावर येते ना?"

"बिल्कुल."

"मग तुला स्वच्छतेची हौस आहे. ज्याला तो आजार असतो, त्याची पुसूनही सुटका नसते. त्याचं दुखणं मिरवायला घेऊ नकोस."

सगळ्या हसल्या. ताई मात्र हसत नव्हत्या. असा कुणीतरी त्यांनी जवळून पाहिला असावा... मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर त्या अनिकेतकडे नोएडाला गेल्या आणि काही वर्षांनी विसरू लागल्या. डॉक्टरांनी नाव सांगितलं, डिमेन्शिया. मग येणारे-जाणारे त्यांच्यासमोरच ते नाव घेऊ लागले, जणू खोलीत त्या नव्हत्याच. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "विसरतेय हे खरं. पण त्या नावात मला कोंबू देऊ नकोस. काय विसरले, ते सांगत जा." मी सांगत गेले. वरणात मीठ दोनदा पडलं. अनिकेतच्या वारलेल्या वडिलांची जेवायला वाट पाहिली. त्या लक्ष देऊन ऐकायच्या, कधी हसायच्या. पुढे पुढे विचारायचंच विसरल्या.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला ओळखलं नाही. मॅडम, बसा, म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'अहो' केलं नव्हतं. माझा धीर सुटला आणि तोंडातून निघून गेलं, "मला डिप्रेशन आलंय ताई."

त्यांनी दाराकडे बोट केलं. "ते आधी बाहेर ठेवून या. मग सांगा, काय झालं?"

"माझी एक मैत्रीण आहे. ती मला विसरली."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अरेरे... मग चहा घेऊनच जा."

सगळं विसरलेल्या ताईंच्या हातून सांत्वन घेऊन मी निघाले.

परवा पुन्हा नोएडाला गेले. दाराशी लक्ष्मीबाई नगरहून आणलेला चपलांचा लाकडी स्टँड, खालच्या कप्प्यात ताईंच्या चपला अजून तशाच. अनिकेतनं विचारलं, "मावशी, कशा आहात?" डिनायल, शॉक, सगळी नावं जिभेवर होती. मी चपला काढल्या.

"तुझा फोन आला तेव्हा मेथी निवडत होते," मी म्हणाले. "पूर्ण जुडी निवडली. आणि मग ती तशीच टाकून दिली. तेव्हापासून घरात मेथी आणलेली नाही..."

त्या स्टँडला धरून मी रडले, पहिल्यांदाच. अनिकेतनं काही नाव दिलं नाही. तो आत गेला आणि चहासाठी आलं किसू लागला.