रेंज शोधणारे सर

माणूस जन्मभर काही ना काही शोधतच असतो. कुणी देव, कुणी लेकीसाठी स्थळ. साकोलीच्या आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर वायफायची रेंज शोधत. मी मराठी शिकवतो, म्हणजे मला कामधंदा नाही असं परस्पर ठरवून ते मलाही सोबत ओढत. मोबाइल डोक्याच्या वर धरायचा, नजर त्याच्यावर लावायची आणि चालत सुटायचं! वाटेत खांब आहे की प्राचार्य, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा तर मोडक्या कुंपणातून थेट शेजारच्या धानाच्या बांधीत उतरले. भातलावणीचा रोवणा चालला होता. चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेल्या सरांना एका बाईने विचारलं, "काय धुंडून राहिले, गुरुजी?"

"रेंज."

"सापडली त आमाले बी सांगजा!"

आणि सापडली की हो! माग काढत काढत सर पोहोचले प्राचार्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी. राउटर आत, कुलूपबंद. दसऱ्याला तेवढं बाहेर काढून, हळदकुंकू वाहून, पुन्हा आत ठेवत म्हणे. "वानरं तोडतेत ना," प्राचार्य म्हणाले, "इतकी महागाची वस्तू उघड्यावर कायले ठेवाची?" सरांनी कपाळाला हात लावला. मग भांडून राउटर सोडवलं आणि स्टाफरूममध्ये बरोब्बर स्वतःच्या खुर्चीच्या वर टांगलं. मध्यवर्ती जागा म्हणे! मध्यवर्ती कसली, डोंबलाची? बायको वारल्यापासून सर आवारातल्या क्वार्टरमध्ये एकटेच. मोबाइलचं नेटवर्क तिथे नावालाच. आता रोज डबा खाताना बंगळूरचा नातू मोबाइलवर समोर दिसायचा. सर त्याला लांबूनच घास भरवायचे, आणि वरणाचे थेंब माझ्या हजेरीपटावर.

मग एक दिवस चिखला गावची एक विद्यार्थिनी आली. बाप खाणीत कामाला. म्हणाली, "होस्टेलात रेंजच नाही, सर. फाटकाशी उभी राहून लेक्चर पाहतो, त पोट्टे जमा होतेत. बाबा म्हणते, असंच असन त सामान घेऊन घरी ये."

होस्टेलसाठी वेगळं राउटर मागितलं, तर प्राचार्यांचं उत्तर ठरलेलं, "पुढल्या वर्षी पाहू."

दुसऱ्या दिवशी मी आलो तर सर शिडीवर, हातात पेचकस.

"काहून काढून राहिले?" मी ओरडलो. "नातू काय म्हणन?"

"त्याले चार दिवस नाही दिसलो त चालन. ही पोरगी एकदा घरी गेली त वापस येत नाही."

दुपारपर्यंत राउटर मुलींच्या होस्टेलात लागलं. पोरगी राहिली. सर मात्र तेव्हापासून डबा घेऊन हायवेवर जाऊ लागले. तिथे मोबाइलला थोडंफार नेटवर्क मिळतं. काल मीही गेलो. ट्रकांच्या गोंगाटात सर बोंबलत होते, नातू हसत होता, आणि मधेच चित्र जागच्या जागी थांबलं. वाट पाहून पाहून मी म्हणालो, "गेलं नेटवर्क. ठेवा आता फोन, सर. तास आहे."

"राहू द्या थोडा वेळ," सर म्हणाले. "हसताना थांबला आहे."