टिल्बीच्या मार्थाबाईंना दिलेला सल्ला

विमान खाली यायला लागलं तेव्हा खिडकीतून शेतं दिसली, आणि ती सगळी गोल होती. चौकोनी बांधांत जन्म गेलेल्या माणसाला ते पाहून गंमत वाटली. परातीत भाकऱ्या मांडाव्यात तसे हिरवे गोल, एकाला एक लागून. मात्र त्यांतले बरेचसे करपलेले होते. पुढे कळलं की मधल्या विहिरीभोवती फिरणाऱ्या लांबलचक नळीने पाणी देतात म्हणून शेत गोल, आणि विहिरीने दगा दिला की सगळा गोल तपकिरी. म्हणजे दुष्काळ इथेही माझ्याआधी येऊन बसला होता.

माझा मुलगा महेश कॅन्ससच्या पश्चिम भागात पवनचक्क्यांवर इंजिनियर आहे. "अप्पा, एकदा येऊन जावा, हितं बी आपल्यासारखंच कोरडं हाय," असं तो दोन वर्षं म्हणत होता. मी लातूरचा. धंदा बोअरचा. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून वसाहती आल्या, आणि प्रत्येक प्लॉटवाल्याला घराआधी बोअर हवा होता. तेव्हा मी बोअरची पहिली गाडी घेतली. अधूनमधून दुष्काळ पडत गेले, आणि खरं सांगायचं तर दुष्काळात आमचं बरं चालतं. यंदाही चांगलं चाललं होतं, म्हणूनच गाडी पुतण्याच्या हवाली करून निघता आलं.

विमानतळापासून टिल्बी तीन तासांवर. रस्ता सरळ म्हणजे किती सरळ, तर महेशने पाऊण तास स्टिअरिंग वळवलंच नाही. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट वर करत होता. रामराम करायची ही तिथली रीत, ओळख असो वा नसो. मी पहिल्या दोघांना हात जोडले.

"अप्पा, एकच बोट," महेश म्हणाला. "हात जोडून जोडून दमचाल."

टिल्बीचं वर्णन करायला वेळ लागत नाही. एक रस्ता, एक बँक, एक पोस्ट, एक पेट्रोल पंप, तीन चर्च आणि रेल्वेलाइनीला लागून एलिव्हेटर (गहू साठवायचे सिमेंटचे उंच मनोरे, जे दहा मैलांवरून दिसतात). अख्खं गाव लातुरातल्या मध्यम मंगल कार्यालयात एका पंगतीला जेवून उठेल. पण हे काउंटीचं मुख्य ठाणं आहे (काउंटी म्हणजे जिल्हा, जरी माणसं आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यापेक्षाही कमी). घुमटाची कचेरी, न्यायाधीश, तुरुंग, सगळा जामानिमा. कचेरीतल्या कारकूनबाईंनी महेशमार्फत मला इतिहास सांगितला. रेल्वे आली तेव्हा शेजारच्या गावात आणि टिल्बीत ठाण्यावरून जुंपली. मतमोजणीत टिल्बी हरलं. मग इथली माणसं घोडागाडी घेऊन गेली, तिकडची सरकारी दप्तरं उचलून इकडे आणली आणि म्हणाली, दप्तर जिथे ठाणं तिथे. ते शेजारचं गाव आता नकाशावर नाही. आमचे उदगीरकर जिल्हा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि मोर्चे काढतात, त्यांना मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

रविवारी चर्चच्या तळघरात पॉटलक होतं (ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायचा अशी पंगत). आम्ही लिंगायत, त्यामुळे मी ताट घेऊन मांसाला वळसे घालत फिरलो आणि सॅलड लिहिलेल्या भांड्यापाशी सुरक्षित वाटून थांबलो. ते हिरवं होतं, गोड होतं आणि चमचा लावला की थरथरत होतं. दोन वाट्या खाल्ल्यावर महेशने सांगितलं की ते थरथरणारं द्रव्य जनावरांच्या हाडांपासून काढतात. मी महादेवाचं नाव घेतलं आणि पाण्याचा पेला रिकामा केला. जे पोटात गेलं त्याचं काय करता.

त्याच टेबलावर मार्थाबाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, कडक इस्त्रीचा सदरा, पुरुषी बूट. नवरा वारला तेव्हापासून शेती त्या एकट्या बघत होत्या. माझा धंदा महेशने सांगितला तशी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आमचं बोलणं महेशच्या तोंडून झालं.

"किती वर्षं विहिरी खणताय?"

"तीस."

"मग उद्या माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "गुरुवारी माझ्याकडे विहीर खणायचं मशीन येणार आहे. त्याआधी मला एक विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला आधी पाण्याच्या कचेरीत घेऊन गेल्या. तिथे मी जे पाहिलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाने पाहू नये. तिकडे विहीर खणणाऱ्याला आपल्या हाताने एक कागद भरून द्यावा लागतो: किती फुटांवर माती, किती फुटांवर वाळू, कुठे पाणी लागलं, तळ कुठे आला. मार्थाबाईंच्या शेताचे तीन कागद निघाले. आजोबांना साठ फुटांवर पाणी, वडिलांना एकशेदहावर, बाईंना एकशेनव्वदवर. आणि तिन्ही कागदांच्या तळाशी, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, एकच गोष्ट: दोनशेतीस फुटांवर काळा चिकट खडक, खाली पाणी नाही. आमच्याकडे भोक पाडलं, गाडी हलवली, विसरून गेलो. मी किती गावांत किती पाडली याचा एकही कागद कुठे नाही.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. खिडकीतून मक्याचा गोल दिसत होता, अर्धा पिवळा. त्यांनी कॉफी ओतली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांचा मुलगा शहरात नोकरी करतो. बायकोमुलांसह परत येऊन शेती करायला तयार आहे, पण मक्याला पाणी असेल तरच. कोरडवाहू गव्हावर त्याचं घर चालणार नाही. मशीनवाला म्हणतो, नवी विहीर थेट तळापर्यंत नेऊ, जोराचा पंप लावू. मुलगाही तेच म्हणतो.

"मशीनवाला पाइप विकतो आणि मुलाला घरी यायचंय," मार्थाबाई म्हणाल्या. "तुम्ही यातलं काम जाणता आणि तुम्हाला माझ्याकडून काही मिळणार नाही. तुम्ही काय कराल?"

इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. आम्ही फुटावर काम करतो, जितके फूट तितके पैसे. गाडी धुरळा उडवत खाली जात असते, शेतकरी उपाशीपोटी कडेला उभा असतो, नारळ फोडून झालेला असतो. पाचशे फूट झाले की तो आमच्याकडे बघतो. तेव्हा बोअरवाला "थांब" म्हणत नाही. तो म्हणतो, "आता आलो हाव तर आजून पन्नास बघू." यात लबाडी असते असंही नाही, कधीकधी पाणी लागतं. पण तीस वर्षांत मी कुणालाही थांब म्हणालो नव्हतो.

आणि त्या स्वयंपाकघरातही जिभेवर तेच आलं. अजून चाळीस फूट आहेत, बघू की. शब्द ओठांपर्यंत आले होते. मग त्या तीन कागदांवरची अक्षरं आठवली आणि मला स्वतःची लाज वाटली.

"सांग त्यांना," मी महेशला म्हणालो. "थांबा म्हणाव. चाळीस फुटांत चार-सहा वर्षं निघतील. पोरगा नोकरी सोडून येईल आन् मग पाणी संपंल."

महेश माझ्याकडे वळला. "अप्पा, नक्की? त्यांचा पोरगा येणार न्हाई मग."

"मला कळतंय ते. सांग."

त्याने सांगितलं. मार्थाबाईंनी कप बशीत ठेवला आणि मक्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुमच्याकडे असं किती जणांना सांगितलंत?"

"एकालाही नाही," मी म्हणालो, आणि हे इंग्रजीत मला स्वतःला सांगता आलं.

त्या किंचित हसल्या. उठून भिंतीवरच्या फोनवरून त्यांनी आधी मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. मग मुलाला फोन लावला. तो फोन लांबला. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. महेशने नंतर सांगितलं की ते "तुझ्या खोलीला मी हात लावणार नाही" असं होतं. मी टेबलक्लॉथकडे बघत बसलो. एका बाईचं म्हातारपण मी एका शब्दात रिकामं केलं होतं, आणि शब्द बरोबर होता, याने काही बरं वाटत नव्हतं.

निघायच्या दिवशी त्या निरोप द्यायला आल्या. सोबत घरची पाय (फळं भरलेली जाड कडेची पोळी) होती. हाडं नाहीत, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

लातूरला उतरलो तर नळाला बाराव्या दिवशी पाणी, रस्त्यांवर टँकर. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच शिरूर अनंतपाळकडचा नागनाथ दारात. त्याच्या रानात पुतण्याने साडेसहाशे फूट मारलं होतं, कोरडं. गाडी अजून तिथेच उभी.

"अप्पा, आजून किती जाऊ?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "थांब. खाली काई न्हाई."

नागनाथने पेला खाली ठेवला. "हाव अप्पा," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्याची गाडी बोलावली. गावात बोलणं झालं की शेजारच्या रानवाल्याचं पाणी तुटू नये म्हणून अप्पांनी त्याच्याकडून काहीतरी घेतलं असणार, न्हाईतर बोअरवाला थांब कशाला म्हणंल. पुतण्याने हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. टिल्बीत माझा शब्द चालला, कारण तिथे माझी गाडी उभी नव्हती.

म्हणून मी गाडी विकायला काढली. वाटलं, गाडी नसली तर निदान चार माणसं माझं ऐकतील. गिऱ्हाईक तिसऱ्याच दिवशी देवणीहून आलं. तरुण, नवा धंदा करायला निघालेला. त्याने टायर पाहिले नाहीत, इंजिन सुरू करून पाहिलं नाही, गाडी किती जुनी तेही विचारलं नाही.

"अप्पा, किती खोल जाती?" एवढंच त्याने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. हजार फूट जाते, म्हणालो. गाडी मलाच द्या म्हणत त्याने तिथल्या तिथे माझे पाय धरले.