सरदाराचा पट्टा

महाडच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे मी नेहमी जातो, पण त्यांचं नाव कधी विचारलेलं नाही. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघतात. नवं चामडं कापलं, की त्याचा वास घेऊन स्वतःशीच हसतात.

गेल्या वर्षी कापडे गावच्या नाटकात ऐन लढाईत माझा कमरेचा पुठ्ठ्याचा पट्टा तुटला आणि लोक खदखदून हसले. म्हणून यंदा सरदाराच्या भूमिकेसाठी काकांकडून चामड्याचा पट्टा करून घेतला.

"पोट सोडा, सर. आत घेऊन कुणाला फसवताय?" माप घेताना ते म्हणाले.

बक्कल त्यांनी जुन्या पितळी ताटलीतून कापलं आणि त्यावर ठोकून ठोकून वाघ काढला.

"मांजर वाटतंय," मी म्हणालो.

"लांबून वाघच हाय!"

नाटकाला ते पहिल्या रांगेत येऊन बसले. शेवटी मी घायाळ होऊन पालथा पडलो. बायका डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात काका उभे राहून ओरडले, "सर, उताणे मरा! वाघ दिसत नाय!"

मी निमूटपणे उताणा झालो आणि पुन्हा मेलो. टाळ्या कडाडल्या. काका मागे वळून सगळ्यांना सांगत होते, "पट्टा मी केलाय, मी!"